मोस्तारला जाण्यापूर्वी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोस्निया-हर्झेगोविनातल्या मोस्तारला जायचं ठरलं की लोक मला साधारण हेच प्रश्न पाठवतात. काही अगदी प्राथमिक असतात, तर काही विचारताना माणूस चाचरतो. दोन्ही तऱ्हेचे इथे घेतले आहेत. तीच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिलेत.

१. मोस्तार नेमकं कुठे आहे? आणि एवढं प्रसिद्ध कशामुळे?

बोस्नियाच्या दक्षिण भागाला हर्झेगोविना म्हणतात. मोस्तार हे तिथलं मुख्य शहर, नेरेत्वा नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं. नदीचं पाणी हिरवं आहे, आणि ते फोटोत रंगवलेलं नाही, तसंच दिसतं. नदीवर एका कमानीचा दगडी पूल आहे, स्तारी मोस्त, म्हणजे जुना पूल. सुलतान सुलेमानच्या हुकमावरून मिमार हाइरुद्दीन या स्थापत्यकाराने तो १५५७ ते १५६६ या काळात बांधला. पूल राखणाऱ्यांना ‘मोस्तारी’ म्हणत, त्यावरूनच शहराचं नाव पडलं. हा पूल १९९३ साली युद्धात पाडला गेला आणि २००४ साली पुन्हा उभा राहिला. २००५ मध्ये पूल आणि भोवतालचं जुनं गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. बोस्नियातलं यादीत गेलेलं ते पहिलं ठिकाण.

२. क्रोएशियातल्या ड्युब्रोवनिकहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं ना? मग मुक्काम कशाला?

येता येतं, आणि बहुतेक पर्यटक तेच करतात. म्हणून तर अकरा ते चार या वेळात पुलावर पाय ठेवायला जागा नसते. पूल बघायचा, फोटो काढायचा, तांब्याची एक वस्तू घ्यायची आणि बसमध्ये बसायचं. एवढ्यासाठी सीमेवरच्या रांगेसकट सहा-सात तास प्रवास करू नये असं मला मनापासून वाटतं.

किमान एक रात्र राहा, दोन राहिलात तर फारच छान. पाचनंतर बस निघून जातात आणि गाव गावकऱ्यांना परत मिळतं. मशिदींतून अजान होते, पलीकडे चर्चची घंटा वाजते, पुलाखाली पोरं खडकांवर बसून गप्पा मारतात. सकाळी सातला पुलावर तुम्ही आणि एखादं मांजर, एवढेच असता. शिवाय जुन्या गावापासून दहा मिनिटांवर जे आहे ते दिवसभराच्या सहलीत कोणीच दाखवत नाही (प्रश्न ९ पाहा). माझ्या मते मोस्तार कळायला सुरुवात होते ती तिथूनच.

३. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

लागतो. बोस्निया युरोपीय संघात नाही आणि शेंगेन क्षेत्रातही (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) नाही. ज्यांच्याकडे अनेक वेळा प्रवेश देणारा वैध शेंगेन व्हिसा आहे त्यांना थोड्या दिवसांच्या भेटीसाठी वेगळ्या व्हिसातून सवलत मिळत आली आहे. पण या सवलतीच्या अटी बदलतात. तिकीट काढण्यापूर्वी बोस्नियाच्या दिल्लीतल्या दूतावासाला ईमेलने विचारा आणि आलेलं उत्तर छापून सोबत ठेवा. सीमेवरच्या अधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा कागद पुढे करणं सोपं जातं.

४. माझा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे. क्रोएशियातून मोस्तारला जाऊन परत क्रोएशियात आलं तर चालेल का?

नाही. १ जानेवारी २०२३पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे. तुम्ही बोस्नियात पाऊल टाकलंत की शेंगेनमधून बाहेर पडलात. तुमचा एक प्रवेश वापरून झालेला असतो, त्यामुळे परतीच्या वाटेवर सीमेवरच अडकाल. हा प्रश्न मला प्रवास सुरू झाल्यानंतर आला की फार वाईट वाटतं, कारण तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. व्हिसाचा अर्ज भरतानाच अनेक प्रवेशांचा मागा आणि कार्यक्रमात मोस्तारचं नाव लिहा.

याचंच दुसरं टोक म्हणजे स्प्लिट ते ड्युब्रोवनिक प्रवास. क्रोएशियाच्या किनाऱ्यामध्ये नेउम इथे बोस्नियाची एक छोटी पट्टी घुसलेली आहे आणि पूर्वी सगळ्यांनाच ती ओलांडावी लागे. जुलै २०२२मध्ये पेल्येशात्सचा पूल सुरू झाला, आता त्यावरून गेलं तर क्रोएशियाच्या बाहेर पडावं लागत नाही. पण बस पुलावरून जाणार की नेउमवरून हे तिकीट काढताना विचारून घ्या. एकाच प्रवेशाचा व्हिसा असलेल्यांनी तर नक्कीच.

५. पोहोचायचं कसं?

राजधानी सारायेवोहून रेल्वेने गेलात तर सर्वांत उत्तम. साधारण दोन तासांचा प्रवास आहे. गाडी डोंगरातून वळणं घेत खाली उतरते आणि कोन्यिट्सपासून नेरेत्वा सोबतीला येते. कर्जत-खंडाळ्याचा घाट पावसाळ्यात रेल्वेने केलेल्यांना खिडकी का सोडवत नाही ते सांगावं लागणार नाही. गाड्या दिवसातून मोजक्याच असतात. ऑक्टोबर २०२४मध्ये याब्लानित्साजवळ पूर आणि दरडींनी मोठी जीवितहानी झाली, रेल्वेमार्गही वाहून गेला आणि बराच काळ बंद राहिला. म्हणून निघण्यापूर्वी गाडी धावते आहे ना ते स्टेशनवर विचारा. नसेल तर बस आहेच.

क्रोएशियाकडून बसने या. ड्युब्रोवनिकहून साधारण तीन ते चार तास लागतात, पण उन्हाळ्यात सीमेवर किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. मोस्तारमध्ये बसस्थानकं दोन आहेत, एक पूर्वेला रेल्वेस्टेशनला लागून आणि एक पश्चिमेला. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघा. दोन का, ते प्रश्न १२मध्ये येईल.

६. कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो. आपल्याला उन्हाची सवय आहे असं म्हणून जाऊ नका. तिथे सगळीकडे पांढरा दगड आहे, तो खालूनही भाजतो आणि दुपारी सावली सापडत नाही. हिवाळ्यात गर्दी नसते, पण ‘बुरा’ नावाचा थंड वारा सुटला की छत्री हातात राहत नाही.

७. युद्ध नेमकं कोणामध्ये झालं? सोप्या शब्दांत सांगाल का?

सोपं करून सांगतो, पण फार सोपं केलं की ते खोटं होतं, एवढं लक्षात असू द्या.

मोस्तारमध्ये लागोपाठ दोन युद्धं झाली. युगोस्लाव्हिया फुटत असताना बोस्नियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. १९९२च्या वसंतात सर्बांच्या ताब्यात गेलेल्या युगोस्लाव्ह सैन्याने शहरावर तोफा डागल्या. तेव्हा क्रोएट, म्हणजे बहुतेक कॅथलिक, आणि बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, एकाच बाजूने लढले आणि जूनमध्ये त्यांनी त्या सैन्याला मागे रेटलं. नेरेत्वेवरचे बहुतेक पूल तेव्हाच पडले, जुना पूल तेवढा टिकला. त्याच काळात शहरातली कॅथलिक चर्च आणि मशिदी जळाल्या-फुटल्या, आणि सर्ब मागे हटल्यावर त्यांचं मोठं ऑर्थोडॉक्स कॅथीड्रल जमीनदोस्त केलं गेलं.

मग हे दोन मित्रच एकमेकांविरुद्ध उभे राहिले. ९ मे १९९३ला एचव्हीओ या क्रोएट सैन्याने हल्ला केला. पश्चिमेकडच्या हजारो बोस्नियाकांना घरातून काढून नदीच्या पूर्वेला हाकललं, कित्येकांना हेलिओद्रोमसारख्या छावण्यांत डांबलं. पूर्व मोस्तारला वेढा पडला. अन्न नाही, वीज नाही, पाणी आणायचं तर नदीवर जायचं आणि नदीवर नेमबाजांची नजर. मार्च १९९४च्या वॉशिंग्टन करारानंतर हे थांबलं. संपूर्ण बोस्नियातलं युद्ध १९९५च्या डेटन कराराने संपलं.

८. आत्ताचा पूल खरा आहे की नक्कल? आणि जुना पाडला कोणी?

९ नोव्हेंबर १९९३च्या सकाळी एचव्हीओच्या रणगाड्याच्या माऱ्याने पूल नदीत कोसळला. सव्वाचारशेहून जास्त वर्षं उभा होता तो. एचव्हीओच्या बाजूने म्हणणं असं, की पुलावरून विरुद्ध सैन्याची ने-आण होत होती. हेगच्या न्यायाधिकरणाने क्रोएट बाजूच्या सहा नेत्यांना युद्धगुन्ह्यांसाठी शिक्षा दिल्या आणि २०१७च्या अपिलात त्या शिक्षा कायम राहिल्या. पण पुलाच्या नाशाबद्दलचा दोष त्याच अपिलात काढून टाकला गेला, कारण बहुमताच्या मते पूल लष्करी लक्ष्य ठरत होता. पूर्वेकडच्या माणसांना हा निकाल अजून बोचतो. त्यांच्यासाठी त्या पुलाचा उपयोग रसदीपुरता कधीच नव्हता.

आता नक्कल म्हणावं का? हंगेरियन पथकाने नदीत बुड्या मारून जुने दगड वर काढले, पण बहुतेक पुन्हा वापरता येण्याजोगे नव्हते. मग ‘तेनेलिया’ नावाचा तोच स्थानिक चुनखडक जवळच्या खाणीतून काढून पाथरवटांकडून हाताने घडवून घेतला. दगड एकमेकांना लोखंडी आकड्यांनी जखडले आणि फटींत वितळलेलं शिसं ओतलं, सोळाव्या शतकात केलं होतं तसंच. २३ जुलै २००४ला पूल खुला झाला. युनेस्कोने तो यादीत घेतला तोही पुन्हा बांधलेला आहे हे पक्कं ठाऊक असताना.

मला विचाराल तर मी त्याला नक्कल म्हणणार नाही. पुलाखाली उतरलात तर काठावर जुन्या पुलाचे काढलेले तुकडे दिसतात. त्यांवर हात ठेवा, मग वरच्या कमानीकडे बघा.

९. युद्धाच्या खुणा अजून कुठे दिसतात? पडक्या इमारतींत जाता येतं का?

जुन्या गावातून पश्चिमेकडे दहा मिनिटं चाललात की बुलेवार हा रुंद रस्ता लागतो. युद्धाची आघाडी याच रस्त्यावर होती. दोन्ही बाजूंना काही इमारती अजून छपराविना उभ्या आहेत, आतून झाडं वर आली आहेत. शेजारचीच इमारत नवी, गॅलरीत कपडे वाळत घातलेले. ज्या घरी मी उतरलो होतो त्याच्या भिंतीवर तळहाताएवढे ठिगळ होते, गिलाव्याचा रंग थोडा वेगळा. मी मोजायला लागलो आणि एकवीसवर थांबलो, कारण घरमालकीण काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, कॉफी झाली आहे.

स्पॅनिश चौकाजवळची बँकेची उंच पडकी इमारत युद्धात नेमबाजांच्या ताब्यात होती. प्रवाशांमध्ये तिला ‘स्नायपर टॉवर’ म्हणतात आणि भिंत चढून आत जाण्याचे व्हिडिओ फिरत असतात. कृपा करून जाऊ नका. जिन्याला कठडा नाही, लिफ्टचे खड्डे उघडे आहेत, सगळीकडे काचा आहेत. आणि त्या गच्चीवरून ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांच्या घरचे लोक याच शहरात राहतात. तिथे हात पसरून फोटो काढणं बरं दिसत नाही.

त्याऐवजी काराजोज बेग मशिदीजवळचं कबरस्तान बघा. युद्धापूर्वी ती बाग होती. वेढ्यात माणसं पुरायला दुसरी जागा उरली नाही म्हणून बागेचं कबरस्तान झालं. दगडांवरची जन्मसालं वेगवेगळी आहेत, १९३०, १९५८, १९७४. मृत्यूचं साल मात्र रांगेने १९९३. बाजारातून येणाऱ्या बायका जाता जाता तिथे क्षणभर थांबतात. आवाज न करता बघा आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

युद्ध आणि नरसंहारातल्या बळींचं एक संग्रहालयही शहरात आहे. आशय जड आहे, त्यानंतर दुसरा कार्यक्रम ठेवू नका.

१०. भूसुरुंगांची भीती आहे का?

शहरात, रस्त्यांवर, पर्यटनस्थळी नाही. पण बोस्नियाच्या डोंगररानांत सुरुंगांचा संशय असलेले भाग अजून शिल्लक आहेत. नियम साधा आहे: डांबरी रस्ता किंवा खूण केलेली पायवाट सोडायची नाही. लाल पाटीवर कवटी आणि ‘मिने’ असा शब्द दिसला की आल्या वाटेने मागे. लघवीसाठी झुडपात शिरणं, फोटोसाठी पडक्या घरामागे जाणं, हेही टाळा. सह्याद्रीत वाट शोधत भटकायची सवय असलेल्यांना हे जड जातं, म्हणून मुद्दाम सांगतो. डोंगरावर चढायचंच असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या.

११. तिथल्या लोकांना युद्धाबद्दल विचारावं का?

आपण होऊन नको. चाळिशीपुढची जवळजवळ प्रत्येक व्यक्ती त्यातून गेलेली आहे. तुम्ही कॉफी प्यायला बसलेले असता आणि समोरच्याला एकदम १९९३मध्ये ढकलता. कोणी स्वतःहून बोलायला लागलं तर मात्र घड्याळाकडे न बघता ऐका. ‘तुम्ही कोणत्या बाजूचे?’ हा प्रश्न तर कधीच नको. नावावरून, चर्चवरून, मशिदीवरून त्यांना एकमेकांचं कळतं, तुम्हाला कळायची गरज नाही.

आपल्याकडच्या दंगलींची किंवा फाळणीची तुलना घाईने करू नका. एकदा आमच्यातल्या एका गृहस्थांनी ती केली आणि समोरचा माणूस गप्पच झाला. त्याला त्याच्या भावाबद्दल सांगायचं होतं.

१२. शहर अजून दोन भागांत वाटलेलं आहे का? मध्ये भिंत आहे का?

भिंत नाही, चौकी नाही. तुम्ही दिवसातून दहादा इकडून तिकडे जाल आणि कोणी अडवणार नाही. तरी वाटणी आहे. ढोबळमानाने पश्चिमेला क्रोएट, पूर्वेला बोस्नियाक. विद्यापीठं दोन, मोठी रुग्णालयं दोन, बसस्थानकं दोन. फुटबॉलचे संघही दोन: पश्चिमेचा झ्रिन्यस्की, पूर्वेचा वेलेज. युद्धापूर्वी बियेली ब्रियेग हे मैदान वेलेजचं होतं, आता तिथे झ्रिन्यस्की खेळतो. दोघांचा सामना असेल त्या दिवशी कोणत्याही संघाचा शर्ट घालून फिरू नका.

१९९१च्या जनगणनेत मोस्तारची लोकसंख्या १,२६,६२८ होती, २०१३मध्ये १,०५,७९७. सर्ब १९९१ला सुमारे १९ टक्के होते, २०१३ला ४ टक्क्यांच्या आसपास. मतदानाच्या नियमांवरून पक्षांचं जमेना म्हणून २००८नंतर थेट डिसेंबर २०२०पर्यंत इथे महापालिकेची निवडणूकच झाली नाही. इर्मा बारालिया या स्थानिक राजकीय कार्यकर्तीने स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात खटला जिंकला, तेव्हा कुठे ती मार्गी लागली.

पण एवढंच बघून परतू नका. स्पॅनिश चौकातली नारिंगी इमारत म्हणजे मोस्तारचं गिम्नाझिया, ऑस्ट्रो-हंगेरियन काळातली शाळा. तिथे क्रोएट आणि बोस्नियाक मुलं एकाच छपराखाली वेगवेगळ्या अभ्यासक्रमांनी शिकतात. त्याच इमारतीत २००६पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालतं, आणि तिथे मात्र मुलं एकाच वर्गात बसतात. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात असलेलं महिंद्रा कॉलेज याच शाळासमूहातलं. मुळशीला शिकलेल्या एखाद्याला ओळखत असाल तर मोस्तारचं नाव काढून बघा.

१३. पुलावरून उडी मारणारे लोक खरंच उडी मारतात का? मला मारता येईल?

खरंच मारतात. पाण्याच्या पातळीनुसार उंची वीस मीटरच्या वर भरते. ही पोरं कठड्यावर उभी राहून आधी पैसे गोळा करतात, पुरेसे जमले की उडी. पैसे टाका, त्यांच्या हंगामाची ती कमाई आहे. उडी मारण्याआधी ते अंगावर थंड पाणी ओतून घेतात, कारण कडक उन्हातून एकदम नेरेत्वेच्या गार पाण्यात शिरणं शरीराला झेपत नाही. जुलैच्या अखेरीस पारंपरिक स्पर्धा असते.

तुम्हाला? पोहायला येतं म्हणून नाही. स्थानिक क्लबवाले आधी खालच्या फळीवरून सराव करून घेतात आणि मगच परवानगी देतात. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर ते ऐका.

१४. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही राहणार, पण शब्द पाठ करून जा. बोस्नियात ‘बुरेक’ म्हणजे मांस भरलेलाच, तो शब्द उच्चारू नका. तशाच गुंडाळीत चीज असेल तर ‘सिर्नित्सा’, पालक आणि चीज असेल तर ‘झेल्यानित्सा’, बटाटा असेल तर ‘क्रोम्पिरुशा’. ही क्रोम्पिरुशा मिरपूड घातलेली, गरमागरम, आपल्या बटाट्याच्या भाजीची आठवण काढायला लावते. सोबत दही मागा. ‘बेझ मेसा’ म्हणजे मांसाशिवाय. बीन्सच्या सूपमध्ये धुरावलेलं मांस असू शकतं, ते विचारून घ्या. शेवटी तुफाहिया खा, अक्रोड भरून शिजवलेलं सफरचंद. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्यावी.

कॉफी तांब्याच्या जेझ्वेत, म्हणजे लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, येते. ढवळायची नाही. गाळ खाली बसू द्यायचा, छोट्या फिल्जानमध्ये ओतायची, साखरेचा खडा टोकाने बुडवून दाताखाली धरायचा आणि घोट घ्यायचा. एका कॉफीला तास लागला तरी कोणी उठवत नाही.

१५. पैसे, फोन, भाषा?

चलन कन्व्हर्टिबल मार्क, एका युरोला १.९५५८३ असा बांधलेला दर. जुन्या गावात युरो घेतात पण हिशोब दोनास एक करतात. बोस्नियाबाहेर हे मार्क कोणी बदलून देत नाही, म्हणून उरलेले तिथेच संपवा. क्रोएशियात घेतलेलं युरोपीय सिमकार्ड सीमा ओलांडली की महागडं रोमिंग सुरू करतं, आधी डेटा बंद करा.

भाषेची नावं तीन आहेत, बोस्नियन, क्रोएशियन, सर्बियन, पण सगळ्यांना सगळ्यांचं समजतं. तरी कॉफीला कोणी काफा म्हणतं, कोणी कावा, कोणी काहवा, आणि त्यावरून माणूस कुठला ते ओळखतात. तुम्ही समोरचा म्हणेल तेच म्हणा. तुर्कीतून आलेले शब्द ऐकून आपल्याला घरच्यासारखं वाटतं: दुकानाला ‘दुचान’, साबणाला ‘सापून’, साखरेला ‘शेचेर’, बाजाराला ‘बाझार’.

१६. आई-बाबा सत्तरीचे आहेत आणि मुलगा नऊ वर्षांचा. त्यांना न्यावं का?

न्या. जुन्या गावात गोट्यांची फरसबंदी आहे. पुलाचा दगड लाखो पायांनी गुळगुळीत झालाय, चढाला आडव्या पट्ट्या आहेत तरी घसरतो. चपला नकोत, रबरी तळव्याचे बूट हवेत. आई-बाबांना सकाळी लवकर पूल ओलांडायला लावा, काठीपेक्षा तुमचा हात द्या. गुडघे दुखत असतील तर खोली सपाट भागात घ्या.

मुलाला पुलाची गोष्ट जरूर सांगा. नऊ वर्षांच्या मुलाला ‘पाडला आणि परत बांधला’ हे नीट कळतं. प्रश्न ९मधलं संग्रहालय मात्र त्याला दाखवू नका.

१७. मशिदी आणि चर्चमध्ये आम्हाला जाता येतं का?

येतं. कोस्की मेहमेद पाशा मशिदीत तिकीट काढून मिनारावर चढता येतं, पुलाचं सगळ्यात सुंदर दृश्य तिथूनच. जिना फार अरुंद आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांना डोक्यावर ओढणी लागू शकते, नमाजाच्या वेळी बाहेर थांबा.

१८. आसपास काय बघावं?

ब्लागाय सर्वांत आधी, शहरापासून अवघ्या बारा किलोमीटरवर. उंच कड्याच्या पोटातून बुना नदी एकदम पूर्ण रुंदीने बाहेर येते आणि तिथेच कड्याला टेकून दर्विशांचा जुना मठ आहे. सकाळी जा. पोचितेल्य हे उतारावरचं दगडी गाव आणि क्राविचेचा धबधबा एका दिवसात जमतात. मेजुगोर्ये हे कॅथलिक तीर्थस्थान साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. १९८१पासून तिथे मारियामातेचं दर्शन होतं अशी श्रद्धा आहे, आणि वसई किंवा गोव्याकडचे भाविक मला बहुधा त्यासाठीच लिहितात. कोन्यिट्सला युगोस्लाव्हियाचा नेता टिटो याने साडेतीनशे माणसांसाठी बांधलेला गुप्त अणुबंकर आहे, इतिहासाची आवड असेल तर चुकवू नका.

१९. दोन वाटाड्यांनी आम्हाला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. खरं कोणाचं?

हा प्रश्न येतो तेव्हा मला बरं वाटतं, कारण विचारणारा दोन्ही बाजूंना फिरलेला असतो. तारखा आणि घटना प्रश्न ७ आणि ८मध्ये आहेत, त्यांबद्दल शंका ठेवायला जागा नाही. कोणाला हाकललं, कोणी पूल पाडला, हे ‘दोन मतं’ म्हणून सोडून देता येत नाही. पण वाटाडे बोलतात ते बहुधा स्वतःच्या घराबद्दल. पश्चिमेच्या माणसाला १९९२मध्ये जळालेलं त्याचं चर्च आठवतं, पूर्वेच्या माणसाला तळघरातला हिवाळा. सर्ब वाटाड्या भेटलाच तर कॅथीड्रलचे दगड आठवतात. एकाचं दुःख खरं ठरलं म्हणून दुसऱ्याचं खोटं होत नाही, पण कोणाच्या दुःखाने दुसऱ्यावर केलेला अन्याय पुसलाही जात नाही.

जमलं तर पश्चिमेकडच्या पार्टिझान स्मारक दफनभूमीत जा. स्थापत्यकार बोग्दान बोग्दानोविच यांनी घडवलेली ही जागा १९६५ साली खुली झाली. दुसऱ्या महायुद्धात फॅसिस्टांशी लढताना मेलेले सर्ब, क्रोएट, मुस्लिम, ज्यू असे सगळे मोस्तारकर तिथे एकत्र आहेत. जून २०२२मध्ये त्यांच्या नावांचे दगड कोणीतरी फोडून टाकले. तिथे एकट्याने जाऊ नका आणि अंधार पडण्यापूर्वी परता.

२०. आठवण म्हणून काय आणावं? गोळ्यांच्या पुंगळ्यांचे पेन फार छान दिसतात.

ते पेन कुयुंजिलुकच्या बाजारात खूप दिसतात. घेऊ नका. रिकामी पुंगळी असली तरी विमानतळावरच्या तपासणीत ती काडतूस म्हणूनच दिसते. बॅग उघडावी लागते, चौकशी होते, आणि भारतात शस्त्र कायद्याचं लचांड मागे लागू शकतं. दुसरं कारण तुम्हाला प्रश्न ९ वाचून कळलं असेल.

तांब्याची जेझ्वा घ्या. त्याच बाजारात एक-दोन कारागीर अजून हातोडीने नक्षी काढतात. दुकानात शिरण्याआधी बाहेर थोडं थांबा, आतून ठोक्यांचा आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर तिथेच घ्या. यंत्रावर छापलेल्या भांड्याची पाठ गुळगुळीत असते. हाताने केलेल्याच्या आत बोट फिरवलं की बाहेरच्या नक्षीचा उंचवटा लागतो. कथील नीट लावलेलं आहे ना ते विचारा. आणि घरी आणल्यावर चिंच-मीठ लावून घासायला हरकत नाही, पण फक्त बाहेरून.